अमानत आणि तिची मुदत



सुमारे अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. असरच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील एक खाला आपल्या मुलाला घेऊन मशिदीच्या खोलीत आल्या. मुलगा २३ वर्षांचा, डिप्लोमा पूर्ण करून नुकताच नोकरीला लागलेला, अविवाहित. रक्ताचा कर्करोग असल्याचे आठवड्यापूर्वीच कळले होते. सोमवारपासून किमोथेरपी सुरू होणार होती आणि डॉक्टरांनी सांगितले होते की या औषधांनी पुढे मूल होण्याची शक्ती जाऊ शकते. तेव्हा त्याआधी वीर्य गोठवून ठेवायचे असेल तर दोन दिवसांत ठरवा. मुलगा मान खाली घालून बसला होता. विचारले ते आईने. ‘मौलाना, हे हराम तर नाही ना?’

मी मदरशात आठ वर्षे शिकलो, परंतु हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. मी माझ्या उस्तादांना फोन लावला. ते म्हणाले, उपचाराची गरज खरी आहे, पर्याय दुसरा नाही, तर ठेवू दे. नमुना देण्याच्या पद्धतीबद्दलही अशा गरजेत सवलत आहे. मी तेच मायलेकांना सांगितले. खालांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते मला अजून आठवते. वास्तविक उस्तादांनी आणखी एक वाक्य उच्चारले होते: त्याला हेही सांग की ही ठेव त्याच्या हयातीची आहे. ते वाक्य मी सांगितले नाही. मृत्यूशी झुंजायला निघालेल्या मुलासमोर मृत्यूचे नाव कसे काढावे, असा माझा संकोच होता. आज हा लेख लिहीत आहे तो त्या न बोललेल्या वाक्यामुळे.

विषय संकोचाचा आहे, हे मी जाणतो. हे मासिक घरात सासू-सुना, बाप-लेक सगळे वाचतात. परंतु अन्सारच्या स्त्रिया प्रेषित मुहम्मद (स.) यांना गुस्ल आणि मासिक पाळीविषयी निःसंकोच विचारत असत आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांची प्रशंसा केली आहे की धर्म समजून घेण्याच्या आड त्यांनी लाजेला येऊ दिले नाही. म्हणून आपणही थोडे स्पष्ट बोलू.

प्रथम हे तंत्र काय आहे ते पाहू. पुरुषाचे वीर्य, स्त्रीचे बीज, किंवा दोघांच्या संयोगातून प्रयोगशाळेत तयार झालेला भ्रूण, यांपैकी काहीही द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवले की त्यातील जीवनक्रिया थांबते. पुरुषाच्या बाबतीत काम सोपे असते, नमुना एका दिवसात देता येतो. स्त्रीला मात्र दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात आणि भूल देऊन सुईने बीजे काढावी लागतात. बीजात पाणी अधिक असल्याने गोठताना बर्फाचे स्फटिक होऊन ते फुटत असे. आता ते इतक्या वेगाने थंड केले जाते की बर्फ न होता काचेसारखे घट्ट होते. गोठवलेल्या वीर्यापासून अमेरिकेत १९५३ मध्येच गर्भधारणा झाल्या होत्या. गोठवलेल्या स्त्रीबीजापासूनचा पहिला जन्म १९८६ चा, ऑस्ट्रेलियातला. मध्यंतरी १९७८ मध्ये इंग्लंडात पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि अवघ्या काही आठवड्यांनी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुसरी. त्यांनी तर भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला होता. हयातीत त्यांच्या वाट्याला अवहेलनाच आली, ही आपल्या देशाची एक दुखरी आठवण आहे.

हे सारे करून मूल होईलच अशी हमी कोणी देत नाही. ‘बेबी बँक’ वगैरे शब्दांना भुलू नये. गोठवलेले बीज ही एक शक्यता आहे, आणि ती देणारा अल्लाहच आहे.

आता प्रश्न असा की भविष्यातील संततीसाठी अशी तजवीज करणे म्हणजे तवक्कुल सोडणे होय काय? काही वडीलधारी मंडळी तसे म्हणतात. नशिबात असेल तर होईल, हे बर्फात कशाला ठेवायचे? मला येथे हजरत यूसुफ (अलै.) यांची आठवण होते. दुष्काळाची सात वर्षे येणार हे कळल्यावर त्यांनी धान्य कणसातच राखून ठेवण्याचा सल्ला दिला, जेणेकरून ते टिकावे. येऊ घातलेल्या नाशाआधी बीज वाचवणे ही तर प्रेषितांची रीत झाली. कर्करोगाची औषधे अंडाशय वा वृषण निकामी करणार हे डॉक्टर सांगत असताना, पुरवठ्याची सात वर्षे हातात नसून दोनच दिवस असताना, कोणी तेवढे राखून ठेवले तर त्याच्या ईमानावर बोट ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. उपचार करा, असा प्रेषितांचा (स.) आदेश आहे आणि संततीची इच्छा ही हजरत जकरिया (अलै.) यांनी केस पिकल्यावरही अल्लाहपाशी बोलून दाखवलेली इच्छा आहे.

तेव्हा राखून ठेवण्यास सामान्यतः वाव आहे. काही विद्वानांनी वीर्य साठवण्यास एकंदरच विरोध केला, तो नमुन्यांची अदलाबदल होण्याच्या भीतीने. ही भीती पोकळ नाही. शरीअतने नसबला, म्हणजे वंशाच्या ओळखीला, किती जपले आहे पाहा: दत्तक घेतलेल्या मुलालाही त्याच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारा, असे कुरआन सांगते. एका चिठ्ठीच्या चुकीने जिथे नसब बदलू शकतो तिथे सावधगिरी अपरिहार्य आहे. पण भीतीमुळे दार सरसकट बंद करण्याऐवजी नोंदणीकृत, विश्वासार्ह केंद्र निवडण्याची अट घालणे मला अधिक योग्य वाटते.

खरी गुंतागुंत याच्यापुढे सुरू होते. काय गोठवले आहे, यावर बरेच अवलंबून असते.

इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये अज्लची, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून वीर्य बाहेर सोडण्याची, चर्चा करताना एक सूक्ष्म भेद केला आहे. अज्लला ते गर्भपाताच्या पंक्तीत बसवत नाहीत, कारण तिथे अजून काही अस्तित्वातच आलेले नसते. पण पुरुषाचे पाणी स्त्रीच्या पाण्यात मिसळले की अस्तित्वाची पहिली पायरी सुरू झाली. ती मोडणे हा अपराध आहे आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर तो अपराध वाढत जातो. नऊशे वर्षांपूर्वी, सूक्ष्मदर्शकाशिवाय, त्यांनी आखलेली ही रेषा आज प्रयोगशाळेच्या टेबलावर जशीच्या तशी लागू पडते. एकटे वीर्य किंवा एकटे बीज नष्ट झाले तर मूल गेले असे होत नाही. भ्रूणाचे तसे नाही. हदीसनुसार आत्मा फुंकला जातो तो १२० दिवसांनंतर, आणि गोठवला जाणारा भ्रूण तीन ते पाच दिवसांचा असतो; तेव्हा त्याला पूर्ण मानवाचा दर्जा नाही. तरीही तो निव्वळ पेशींचा गोळा म्हणून फेकून देण्याची वस्तूही नव्हे.

जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९० मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर ठराव केला. त्याचा आशय असा: बीजे फलित न करताही साठवता येतात, म्हणून दर खेपेस गर्भाशयात ठेवायची असतील तेवढीच फलित करावीत, जेणेकरून शिल्लक उरणारच नाही. तरी काही उरलीच तर त्यांना वैद्यकीय आधाराविना सोडून द्यावे, म्हणजे त्यांचे जीवन आपोआप संपेल. दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात ती ठेवणे निषिद्ध. याच अकादमीने १९८६ मध्ये अम्मान येथे टेस्ट ट्यूब बेबीच्या सात प्रचलित पद्धतींपैकी पाच नाकारल्या आणि दोन मान्य केल्या. मान्य त्याच, ज्यांत वीर्य पतीचे, बीज पत्नीचे आणि गर्भाशयही तिचेच. दुसऱ्याच्या वीर्याला, दुसरीच्या बीजाला, भाडोत्री गर्भाशयाला, एवढेच काय, त्याच पतीच्या दुसऱ्या पत्नीच्या गर्भाशयालाही तिथे जागा नाही.

पण केंद्रांत बहुधा उलटे घडते. अधिक भ्रूण तयार केले की यशाची शक्यता वाढते, पुन्हा इंजेक्शने नकोत, पुन्हा खर्च नको. म्हणून जमतील तितके भ्रूण करून उरलेले गोठवले जातात. डॉक्टरांचा हेतू वाईट नसतो. मात्र आपण विचारले नाही तर ते सांगणार नाहीत. वाचकहो, आपल्यावर किंवा आपल्या लेकी-सुनांवर अशी वेळ आली तर डॉक्टरांना एवढे अवश्य सांगा: बीजे बीजेच म्हणून गोठवा, फलन लागेल तेवढेच करा. हे आता तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे.

यानंतर येतो काळाचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. थंडीने पेशीचे वय थांबते. दहा वर्षांनी बाहेर काढलेले बीज काढले त्या दिवसाइतकेच तरुण असते. पण ज्या निकाहच्या आधाराने ते वापरायचे, त्याचे वय थांबत नाही. तलाक होतो, खुला होतो, मृत्यू येतो. नायट्रोजनच्या टाकीला इद्दत माहीत नसते.

कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफई आहेत. शाफई फिकहच्या जुन्या ग्रंथांत एक चर्चा आढळते, जी मदरशात वाचताना आम्हा मुलांना विचित्र वाटे: पत्नीने पतीचे वीर्य समागमाविना स्वतःच्या शरीरात घेतले तर काय? फुकहांनी सांगितले की वीर्य ‘मुहतरम’, म्हणजे वैध मार्गाने आलेले, असेल तर नसब सिद्ध होतो, इद्दतही लागू होते. मग उपप्रश्न: हा वैधपणा वीर्य बाहेर पडतानाच असला की पुरे, की आत जातानाही हवा? यावर त्यांच्यात मतभेद झाले. तेव्हा आम्ही हसत असू. दोन क्षणांमध्ये असे अंतर पडणार तरी किती, एका रात्रीचे? आज ते अंतर दहा वर्षांचे होऊ शकते आणि त्यामध्ये एक जनाजा निघून गेलेला असू शकतो.

पतीच्या मृत्यूनंतर त्याचे गोठवलेले वीर्य विधवेने वापरावे काय? इद्दतीच्या चार महिने दहा दिवसांत तरी मुभा असावी, असे म्हणणारे काही थोडे विद्वान झाले. बहुसंख्यांचे मत असे की मृत्यूने निकाह संपतो आणि त्यानंतर त्या वीर्याचा तिच्याशी गर्भधारणेपुरता संबंध उरत नाही. मला स्वतःला बहुसंख्यांचे मत पटते, आणि केवळ संख्येमुळे नव्हे. ज्या मुलाचा बाप त्याच्या गर्भधारणेपूर्वीच कबरीत आहे, अशा मुलाला आपण जाणूनबुजून जगात आणायचे, हा विचार मला त्या मुलाच्या बाजूने अस्वस्थ करतो. यतीम होणे हा अल्लाहचा निर्णय असतो. यतीम घडवणे हा आपला निर्णय ठरेल.

भारतीय कायद्याची चौकट निराळी आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ नुसार दात्याचे वीर्य वा बीज वापरता येते, भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो. कायद्याने मुभा दिली म्हणजे शरीअतने दिली असे होत नाही. तसेच कायद्याने कोणावर सक्तीही केलेली नाही. शिवाय याच कायद्यात आपल्याला उपयोगी पडेल अशी एक तरतूद आहे. गोठवण्यापूर्वी केंद्राने संबंधितांकडून लेखी घ्यायचे असते की त्यांच्यापैकी कोणी मरण पावल्यास किंवा असमर्थ झाल्यास या ठेवीचे काय करावे. अर्जात तसा रकाना असतो. इस्पितळाच्या धावपळीत तो कोणी वाचत नाही. मुसलमानाने तो वसीयतीच्या गांभीर्याने वाचावा आणि लिहावे: माझ्या मृत्यूनंतर किंवा निकाह संपल्यावर नष्ट करावे, कोणालाही देऊ नये, संशोधनालाही नाही.

त्या खालांच्या मुलाने त्या रकान्यात काय लिहिले होते ते मला चौदा महिन्यांनी कळले. ‘आईच्या ताब्यात द्यावे.’ तो गेल्यानंतर चाळिसेक दिवसांनी खाला एका नातेवाइकासोबत आल्या. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका मृत अविवाहित तरुणाचे, किमोथेरपीपूर्वी साठवलेले वीर्य त्याच्या आई-वडिलांना देण्याचा आदेश दिला होता. ज्याचे वीर्य त्याची संमती दिसत असेल तर भारतीय कायद्यात मनाई नाही, असे न्यायालयाने म्हटले. खालांचे एवढेच म्हणणे होते: ‘त्याचे काहीतरी अजून जिवंत आहे, मौलाना. एखादी बाई मिळेल. नातू म्हणून मी वाढवीन.’

त्या क्षणी मला माझ्या अर्ध्या उत्तराची किंमत कळली. मुलाचा निकाह कधी झालाच नव्हता. कोणती स्त्री, कोणत्या नात्याने? जन्मणाऱ्या मुलाचा नसब कोणाला लावायचा? हे सारे मी बोललो, शक्य तितक्या हळू आवाजात. त्या माउलीने वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, ‘मग तेव्हाच का नाही सांगितले? मी सहा महिने त्या बाटलीवर जगले.’ याला उत्तर नव्हते. मी माफी मागितली.

मला वाटते, आपल्या समाजात धर्माचे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही ‘जायज की नाजायज’ एवढ्यावर थांबतात. एका शब्दाचे उत्तर मिळाले की उठतात. जायज असलेल्या गोष्टीलाही अटी असतात, मुदत असते, आणि त्या सांगण्याची वेळ आनंदाच्या किंवा आशेच्या भरातच येते. ती टाळणाऱ्यांत मी होतो.

आणखी एका गटाविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आजार नाही, पण वय ३३-३४ झाले आणि रिश्ता जुळत नाही, अशा आपल्या शिकलेल्या भगिनी. पस्तिशीनंतर बीजांची संख्या व गुणवत्ता उतरते हे त्यांना ठाऊक आहे. त्यांपैकी काही जणी दबक्या आवाजात, बहुधा माझ्या पत्नीमार्फत, विचारतात. इजिप्तच्या दारुल इफ्ताने स्त्रीबीज गोठवण्यास मुभा दिली ती अटींसह: फलन पती-पत्नीतच व्हावे, निकाह कायम असताना; मिसळ होणार नाही अशी सुरक्षितता असावी; बीज जिचे तिच्याच गर्भाशयात जावे; गर्भावर दुष्परिणाम नसावा. अविवाहितेने वैद्यकीय कारणाशिवाय हे करावे का, यावर विद्वान एकमत नाहीत आणि अनेकांचा कल नकाराकडे आहे. मी मुफ्ती नाही. प्रत्येकीने आपल्या परिस्थितीसह दारुल इफ्ताला विचारावे. पण त्या भगिनीला ‘करिअरच्या नादात वय घालवले’ असे सुनावणाऱ्या मंडळींना माझे विचारणे आहे. चार वेळा तिला पाहून गेले ते कोण होते? मुलगी मुलापेक्षा जास्त शिकली म्हणून, रंगाने सावळी म्हणून, जहेजच्या यादीत मोटारसायकल नाही म्हणून नाकारली, ती आपल्याच घरांनी. तिची वर्षे आपण खर्च केली आणि आता ती दोन-तीन लाख मोजून त्यातली काही परत घेऊ पाहते, तेव्हा आपल्याला फिकह आठवते.

आणि ज्यांना हे सर्व करूनही मूल झाले नाही? अल्लाह कोणाला मुली देतो, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही, आणि कोणाला निःसंतान ठेवतो, हे कुरआनात एकाच ओघात आले आहे. निःसंतान ठेवलेल्याला तिथे दोषी म्हटलेले नाही. हजरत आयेशा (रजि.) यांना मूल झाले नाही. त्यांची कुन्यत ‘उम्मे अब्दुल्लाह’ होती ती बहिणीच्या मुलावरून. समस्त मोमिनांची माता म्हणून ज्यांचे नाव आपण घेतो, त्या स्वतः निपुत्रिक होत्या. सुनेला ‘वांझ’ म्हणण्यापूर्वी सासूने हे आठवावे, आणि सासूने नाही आठवले तर तिच्या मुलाने आठवून द्यावे.

खालांची गोष्ट अपुरी राहिली. दोन महिन्यांनी त्यांचा निरोप आला की केंद्रात जायचे आहे, सोबत याल का. आम्ही गेलो. तिथल्या मुलीने कागद पुढे केला. खालांनी सावकाश, उर्दूत सही केली. मग त्यांनी तिला विचारले की बाहेर काढल्यावर किती वेळ लागतो. तापमान वाढले की काही मिनिटांत, तिने सांगितले. खाला माझ्याकडे वळल्या. ‘याची काही दुआ असते का, मौलाना?’

मी म्हणालो, याची नसते, खाला. त्याची असते. आणि त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून आम्ही दोघांनी त्यांच्या मुलाच्या मगफिरतीसाठी हात उचलले.